दार उघडं, बाक कडक

१७४३ सालच्या मार्चमध्ये लंडनच्या एका नियतकालिकात एक तक्रारवजा पत्र छापून आलं. संगीतकार हँडेल यांची 'मसीहा' ही गायन-वादनाची मोठी रचना कॉव्हेंट गार्डनच्या नाट्यगृहात सादर होणार होती आणि पत्रलेखक अस्वस्थ होता. बायबलमधली वचनं गायची जागा नाटकशाळा आहे का? नटनट्यांच्या तोंडी देवाचा शब्द शोभतो का? वर्षभरापूर्वी डब्लिनमध्ये याच रचनेचा पहिला प्रयोग झाला, तोही एका संगीतगृहात, आणि तिथेही कुरबूर झालीच होती. सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलचे डीन जोनाथन स्विफ्ट यांनी आपल्या गायकांना बाहेरच्या मैफलीत गायला सुरुवातीला मनाई केली होती. शेवटी ते गायक गायलेच. आणि १७५० मध्ये हँडेल यांनी हीच रचना लंडनच्या अनाथालयाच्या प्रार्थनागृहात सादर केली, तेव्हा एवढी गर्दी झाली की प्रयोग पुन्हा लावावा लागला.

आज ही तक्रार उलट्या दिशेने येते. एखाद्या चर्चने पाच-सहा संध्याकाळच्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफली जाहीर केल्या, की कोणीतरी विचारतंच: प्रार्थनेच्या जागी मैफल कशाला? टाळ्या वाजवायला ही जागा आहे का? दुसऱ्या बाजूने एखादा वादक कुरकुरतो की तिथे पियानो धड नसतो, उजेड धड नसतो आणि सहा-सात अंश तापमानात बोटं चालत नाहीत. पहिल्याला चर्च फार पवित्र वाटतं, दुसऱ्याला फार गैरसोयीचं. माझं मत दोघांच्याही विरुद्ध आहे. चर्चने मैफली जरूर भरवाव्यात, एखादीच नव्हे तर हंगामभर भरवाव्यात. पण स्वस्तात मिळालेला हॉल म्हणून नको. काय वाजवायचं हे त्या वास्तूने ठरवावं आणि दार सगळ्यांना मोकळं ठेवावं. त्या मोकळ्या दाराचा भुर्दंड मात्र वादकांच्या खिशावर पडता कामा नये.

आधी पावित्र्याचा मुद्दा, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रोममधल्या उपासनाविषयक धर्ममंडळाने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी चर्चमधल्या मैफलींविषयी एक सविस्तर पत्र काढलं. ते कॅथलिक चर्चपुरतं आहे, प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे रिवाज वेगळे. पण मला ते फार शहाणपणाने लिहिलेलं वाटतं, निदान निम्मं. मैफलीसाठी वेळेवर लेखी अर्ज हवा आणि त्यात रचना नि रचनाकारांची नावं हवीत. गायक-वादकांनी वेदीच्या परिसरात बसू नये. वेदीवरचा पवित्र संस्कार, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर, शक्यतो बाजूच्या प्रार्थनास्थळात हलवावा. प्रवेश विनामूल्य आणि सगळ्यांना खुला असावा. खर्च, नुकसान आणि नंतरची आवराआवर यांची जबाबदारी आयोजकाने लेखी घ्यावी. कोणत्याही दमलेल्या धर्मगुरूने हे वाचून सुटकेचा निःश्वास टाकला असेल. मैफल संपल्यावर खुर्च्या कोण उचलणार, या प्रश्नावर आजवर किती मैत्र्या तुटल्या असतील कोण जाणे.

माझं अडतं ते पत्रातल्या दुसऱ्या निम्म्यापाशी. धार्मिक प्रेरणेतून न आलेलं आणि ठरावीक लौकिक प्रसंगासाठी रचलेलं संगीत चर्चमध्ये नको, मग ते अभिजात असो की आजचं, असं ते म्हणतं. ऐकायला रास्त वाटतं. पण ही फूटपट्टी खुद्द चर्चसंगीताचा थोर रचनाकार बाख यालाच लावून पाहा. त्याच्या 'ख्रिसमस ऑरेटोरिओ' या धर्मकथेवरच्या मोठ्या गायन-वादन रचनेची सुरुवात आठवा: नगारे घुमतात, ट्रम्पेट कडाडतात आणि समूह 'आनंद करा' म्हणून उसळतो. या संगीताचा जन्म ख्रिसमसचा नाहीच. डिसेंबर १७३३ मध्ये सॅक्सनीच्या राज्यकर्त्याच्या पत्नीच्या वाढदिवसासाठी त्याने एक कँटाटा, म्हणजे गायन-वादनाची लहान रचना, रचला होता, तिथलं हे स्वागतगीत. मूळ शब्दांत नगाऱ्यांना आणि ट्रम्पेटांनाच 'वाजा' म्हटलेलं होतं. त्याहून गमतीची गोष्ट त्याच ऑरेटोरिओतल्या अंगाईची. बाळ येशूला निजवणारी ती हळुवार चाल त्याआधी हर्क्युलिसच्या गोष्टीवरच्या एका कँटाटात होती, आणि तिथे ती कोण गात होतं? विलासाचं मूर्त रूप असलेली एक स्त्री, वीराला कर्तव्यापासून ढळवण्यासाठी. तीच चाल नवे शब्द लेवून गोठ्यातल्या बाळाजवळ जाऊन बसली आणि आजवर तिथेच आहे. कोणाला खटकलेली नाही.

तेव्हा स्वर कुठून आले यावरून त्यांची जात ठरवायला बसलो तर निम्मं चर्चसंगीत बाहेर काढावं लागेल. ही फूटपट्टी टोकाला नेली की काय होतं, याचाही एक दाखला आहे. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर, हेरफर्ड आणि वूस्टर या तीन कॅथेड्रलांत आळीपाळीने भरणारा संगीतोत्सव अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आला आहे. १८७५ मध्ये वूस्टरच्या धर्माधिकाऱ्यांनी ठरवलं की यंदा मंच नको, वाद्यवृंद नको, फक्त प्रार्थना, प्रवचन आणि समूहगान. लोकांनी त्या वर्षीच्या उत्सवाला 'नकली उत्सव' असं नाव ठेवलं. पुढची पाळी १८७८ साली आली तेव्हा वाद्यवृंद परत आला होता, आणि त्यातल्या व्हायोलिनांच्या रांगेत त्याच गावातल्या वाद्यविक्रेत्याचा २१ वर्षांचा मुलगा बसला होता. त्याचं नाव एडवर्ड एल्गार, पुढे इंग्लंडचा नामवंत संगीतकार झाला तोच. कॅथेड्रलचं दार बंदच राहिलं असतं तर एल्गार घडलाच नसता, असं म्हणणं अति होईल. पण तो कुठे बसून काय ऐकत वाढला, हे विसरूनही चालणार नाही.

मग फूटपट्टी कोणती? माझ्या मते, दगड.

एका थंड संध्याकाळी मी एका जुन्या चर्चमध्ये स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांचं एकत्र वादन, ऐकत होतो. चौघे वादक उत्तम होते. संथ भाग असा झाला की शेजारच्या बाकावरची बाई श्वास घ्यायची विसरली असावी. आणि मग शेवटचा द्रुत भाग सुरू झाला. चार माणसं चार जिन्यांवरून एकाच वेळी धावत खाली यावीत, तसं काहीतरी ऐकू येत राहिलं. दोष वादकांचा नव्हता. त्यांनी वाजवलेला प्रत्येक स्वर पुढच्या दहा-बारा स्वरांच्या अंगावर रेंगाळत होता.

याचं शास्त्र फार जुनं नाही. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे एक कटकट सोपवली: नव्या संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेलं काही समजत नाही, बघा काय ते. सॅबिनने रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंदांच्या आसपास लागत होते, गाद्या वाढवत नेल्या तसा वेळ कमी होत गेला. त्यातून नियम निघाला. खोलीचं घनफळ जितकं मोठं तितका घुमार लांब, आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो आखूड. माणसं हीसुद्धा या हिशेबात शोषणारी वस्तूच. उत्तम संगीतगृहात वाद्यवृंदासाठी हा वेळ दोन सेकंदांच्या जवळपास असतो, क्वार्टेटला दीड सेकंद पुरतो. मोठ्या दगडी कॅथेड्रलमध्ये तो पाच, सहा, आठ सेकंदांवरही जातो. दुपारी रिकाम्या चर्चमध्ये तालीम करून लय ठरवणारा वादक संध्याकाळी भरल्या चर्चमध्ये चकतो, त्याचं कारणही हेच. तीनशे लोक कोट घालून येऊन बसले की ती वास्तू वेगळीच होते.

म्हणून चर्च म्हणजे सगळीकडे एकच आवाज, असंही नाही. वास्तूंच्या ध्वनीचे जाणकार होप बॅगनल यांचं एक म्हणणं मला फार पटतं. लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये बाखच्या काळी लाकडी सज्जे आणि बैठका ठासून भरलेल्या होत्या. त्यांनी घुमार शोषला, म्हणून बाखला तिथे इतकं गुंतागुंतीचं, वेगवान बहुस्वरी, म्हणजे एकाच वेळी अनेक चाली चालणारं, संगीत लिहिता आलं. उलट व्हेनिसच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये संगीतकार जोवान्नी गाब्रिएलीने लांब घुमार गृहीतच धरला. गायक-वादकांचे गट वेगवेगळ्या सज्ज्यांत बसवले, एका गटाने हाक द्यावी, ती विरत असतानाच समोरून ओ यावी. तीनशे वर्षांनी, १९१० मध्ये, इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्स यांनी ग्लॉस्टर कॅथेड्रलसाठी सोळाव्या शतकातल्या टॅलिस या रचनाकाराच्या एका चालीवर 'फँटेसिया' लिहिली तेव्हा तेच ओळखलं. तंतुवाद्यांचा एक मोठा गट, एक लहान गट दूर, आणि चौघांचा क्वार्टेट. लहान गट वाजतो तेव्हा वाटतं, मोठ्या गटाचा आवाज भिंतीआड जाऊन परत येतो आहे. संगीतगृहातही ही रचना सुंदर वाजते, पण कॅथेड्रलमध्ये ऐकली की कळतं, घुमारालाही तिथे एका वाद्याचं काम दिलेलं आहे.

आयोजकांशी माझं भांडण इथेच आहे. कार्यक्रमपत्रिका आधी ठरते आणि जागा मग शोधली जाते. एखादी सिम्फनी शहरातल्या हॉलमध्ये परवडत नाही, म्हणून ती चर्चमध्ये ढकलायची, आणि नगाऱ्यांचा चिखल झाला की 'काय वातावरण होतं!' म्हणायचं. वातावरण मेणबत्त्यांनीही होतं, त्यासाठी ब्राम्ससारख्या संगीतकाराला वेठीला धरायला नको. ज्याला हंगाम आखायचा आहे त्याने आधी रिकाम्या चर्चमध्ये उभं राहून एकदा टाळी वाजवावी आणि मनात सेकंद मोजावेत. तीनच्या वर गेले, तर सहवाद्याविना गाणारे समूह, ऑर्गन, एकटा चेलो, संथ चालीचे क्वार्टेट, जुनी बहुस्वरी गाणी. दीडच्या आत राहिले, म्हणजे लाकडाचं छत आणि गालिचे असलं, तर मग हवं ते वाजवा. लौकिक की धार्मिक हा वाद मग बराचसा आपोआप मिटतो, कारण थिल्लर संगीत दगडात बहुधा टिकतच नाही.

आणि हंगामच का, एक भव्य कार्यक्रम का नाही? कारण वास्तू एका संध्याकाळीत कळत नाही. ऑर्गनचंच घ्या. हवा तापली की तिच्यातून आवाज वेगाने जातो आणि नळीचा सूर चढतो, दर अंश सेल्सिअसला अर्ध्या स्वराच्या साधारण शंभरातले तीन भाग. म्हणजे थंड पडलेलं चर्च मैफलीसाठी दहा अंशांनी तापवलं, तर ऑर्गन अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक तृतीयांशाने वर सरकतो. सोबतचा ओबो हे फुंकवाद्य वाजवणारा एका मर्यादेपर्यंत जुळवून घेईल, पियानो तर अजिबातच घेणार नाही. घाईघाईने तापवण्याने लाकूड सुकून तडकतं ते वेगळंच. हे सगळं पहिल्या मैफलीत चुकतं, दुसरीत कमी चुकतं आणि चौथ्या मैफलीला कोणीतरी म्हणतं, 'दुपारीच हीटर लावा रे, आणि ट्यूनरला संध्याकाळी बोलवा.' श्रोत्यांचंही तसंच. खांबाआडचा कोणता बाक टाळायचा, कुठे बसलं की बास नीट ऐकू येतो, हे तिसऱ्या खेपेला कळतं. बाक कडक असतात हे मात्र पहिल्याच वेळी कळतं.

शिवाय चर्चचं आपलं वर्षाचं चक्र असतं. ख्रिसमसआधीचे चार आठवडे, ईस्टरआधीचे चाळीस दिवस. त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा त्यालाच कार्यक्रमपत्रिका मानावी. आणि एक गोष्ट आयोजकाने पहिल्या दिवशीच गिळून टाकावी: घर चर्चचं आहे. शनिवारी मैफल ठरली असली तरी शुक्रवारी अंत्यविधी येऊ शकतो. तिथे रंगमंच तालमीसाठी आधीच उभारून ठेवता येत नाही. जो मंच अर्ध्या तासात उचलता येत नाही, तो चर्चसाठी बनलेलाच नाही.

आता पैसा. मोकळ्या दाराचा सगळ्यात देखणा नमुना जर्मनीतल्या ल्यूबेकचा. तिथल्या मरियम चर्चमध्ये सतराव्या शतकात फ्रान्झ टुंडर आणि १६६८ पासून त्याच्या जागी आलेला डीट्रिख बुक्स्टेहूडे या ऑर्गनवादकांनी संध्याकाळच्या मैफली चालवल्या. बुक्स्टेहूडेच्या काळात त्या ख्रिसमसच्या आधीच्या पाच रविवारी व्हायच्या. तो एक हंगामच होता. प्रवेशाला पैसे नव्हते. खर्च गावातले व्यापारी उचलायचे आणि त्यांच्याकडे पदर पसरायचं काम बुक्स्टेहूडेकडेच असायचं. हे संगीत ऐकायला १७०५ मध्ये वीस वर्षांचा बाख आर्नश्टाटहून सुमारे ४०० किलोमीटर चालत गेला, चार आठवड्यांची रजा काढून चारेक महिने राहिला आणि परतल्यावर वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या. ही गोष्ट नेहमी बाखच्या ध्यासाची म्हणून सांगतात. मला ती त्या दाराचीही वाटते. खेड्यापाड्यातून आलेल्या कोणालाही तिथे आत जाऊन बसता येत होतं. त्या काळी दुसरीकडे मोठं संगीत ऐकायला अनेकदा राजवाड्याचं आमंत्रण लागे, नाहीतर ऑपेराचं तिकीट.

ॲमस्टरडॅमने वेगळा तोडगा काढला होता. तिथल्या जुन्या चर्चचा ऑर्गन शहराच्या मालकीचा आणि ऑर्गनवादक यान स्वेलिंक शहराचा पगारी नोकर. कॅल्व्हिनपंथीयांना, म्हणजे तिथल्या कडक प्रॉटेस्टंटांना, उपासनेत ऑर्गन नको होता, म्हणून तो उपासनेच्या आधी-नंतर लोकांसाठी वाजवायचा. धर्माने नाकारलेलं वाद्य नगरपालिकेने पोसलं, आणि चर्चच्या छताखाली ते सार्वजनिक झालं. कोणाला हे अजब वाटेल, मला यात फार व्यवहारी शहाणपण दिसतं.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती: श्रोता फुकट आत यायचा, पण वादक फुकट वाजवायचा नाही. आज नेमकं हेच निसटतं. चर्च म्हणतं, जागा आम्ही दिली. आयोजक म्हणतो, तिकीट नाही मग मानधन कुठून देऊ? आणि सोळा वर्षं रियाज केलेल्या चेलोवादकाच्या हातात मैफलीनंतर फुलांचा गुच्छ पडतो. एका आयोजकाने तर माझ्यासमोर सांगितलं होतं की अशा वास्तूत वाजवायला मिळणं हेच मानधन. वास्तूला ही वाक्यं ऐकू येत नाहीत ते बरं.

तिकीट लावा, हा सोपा उपाय आहे आणि तो अधर्म मुळीच नाही. हँडेलच्या अनाथालयातल्या मैफलींना तिकीट होतं आणि त्या पैशांनी मुलं वाढली. अनेक प्रॉटेस्टंट चर्च आज तिकीट लावतातच. तरीही मी दार मोकळंच ठेवा म्हणेन, आणि माझं कारण रोमच्या पत्राहून वेगळं आहे. तिकीट काढणारा माणूस आधीच पटलेला असतो. मोकळ्या दारातून मात्र पावसात अडकलेला शिरतो. कामावरून दमून परतणारी बाई वीस मिनिटं बसून निघून जाते, आणि बाखचं नाव न ऐकलेलं पोरगं आवाज कसला म्हणून डोकावतं. त्यांना मधूनच उठून जायची मुभा असते, कारण त्यांनी काही विकत घेतलेलं नसतं. शास्त्रीय संगीताचे श्रोते म्हातारे होत चालले, असं रडगाणं गाणाऱ्यांनी या दारातून शिरणारी माणसं एकदा मोजून पाहावीत.

पण मग खर्च हंगाम सुरू व्हायच्या आधी गोळा झाला पाहिजे, दाराशी ठेवलेल्या दानपेटीच्या भरवशावर नाही. पावसाळी संध्याकाळी दानपेटी हलकी भरते, वादकाचं घरभाडं मात्र पावसाने कमी होत नाही. पाच मैफलींचं मानधन आधी ठरवावं, तेवढे दाते जमवावेत, नाही जमले तर मैफली तीन कराव्यात. दानपेटीतून येईल ते पुढच्या वर्षीसाठी. आणि मानधनाचा आकडा कार्यक्रमपत्रिकेवर छापावा, असं माझं खुळं मत आहे. लोकांना खिशात हात घालायला तेवढं पुरेल.

टाळ्यांचं राहिलंच. इंग्लंडच्या कॅथेड्रलांत पूर्वी संगीतानंतर टाळ्या वाजवायची पद्धत नव्हती. १४ नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्रीचं जुनं कॅथेड्रल उद्ध्वस्त झालं. त्याच्या शेजारी नवं उभं राहिलं आणि ३० मे १९६२ रोजी तिथे संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचं 'वॉर रिक्विम' पहिल्यांदा झालं. मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनांच्या मधोमध पहिल्या महायुद्धातला कवी विल्फ्रेड ओवेन याच्या, धर्मालाही न सोडणाऱ्या, युद्धविरोधी कविता. ही रचना धार्मिक की लौकिक? १९८७ च्या पत्राला याचं उत्तर देताना घाम फुटला असता. त्या संध्याकाळी लोक टाळ्या न वाजवता उठले. मी टाळ्यांच्या विरोधात नाही, वादकाला त्या हव्या असतात. फक्त शेवटचा स्वर छताला जाऊन परत येईपर्यंत थांबावं. पाच सेकंदांचा प्रश्न असतो.

हंगामाची सुरुवात कशाने करावी, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे: अठराव्या शतकातला संगीतकार हायडन याची 'क्रुसावरची सात वचनं', म्हणजे येशूच्या शेवटच्या वचनांवरची रचना, क्वार्टेटच्या रूपात. स्पेनमधल्या कादिथच्या चर्चसाठी ती मागवली गेली होती. हायडनने स्वतःच तिथला रिवाज लिहून ठेवला आहे. भिंती, खिडक्या, खांब काळ्या कापडाने झाकायचे, मधोमध एकच दिवा. बिशप एक वचन उच्चारून त्यावर बोलायचा, मग खाली उतरून गुडघे टेकायचा, आणि तेवढा वेळ संगीत. दहा-दहा मिनिटांचे सात संथ भाग श्रोत्यांना न कंटाळवता लिहिणं सोपं नव्हतं, असंही त्याने कबूल केलं आहे. दगडी चर्चला याहून मानवणारं दुसरं काय असेल? फक्त सात वचनं संपल्यावर हायडनने एक लहानसा भाग जोडला आहे, भूकंपाचा, अतिद्रुत आणि वाद्यांचा सगळा जोर लावून. तिथे सगळे स्वर एकमेकांत मिसळतात, काही म्हणता काही वेगळं ऐकू येत नाही, खिडकीच्या काचा थरथरतात. माझी सगळी फूटपट्टी तेवढी दोन मिनिटं बाजूला ठेवायला मी तयार आहे.